उंदरांची लस

पटपडगंज, दिल्ली
१४ ऑगस्ट १९९५

चि. कादंबरीस आशीर्वाद.

विषय: तुझे उंदीर.
संदर्भ: तुझं न आलेलं पत्र.

हसू नकोस. सरकारी नोकरीत जन्म गेला की 'विषय' आणि 'संदर्भ' लिहिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. तुझी आई सांगते, साखरपुड्यानंतर मी तिला जे पहिलं पत्र पाठवलं त्यावर जावक क्रमांक घालायचा तेवढा राहिला होता.

मुद्द्यावर येतो. कालच्या इंग्रजी पेपरात आतल्या पानावर चार बोटं एवढी बातमी आहे. तुमच्या तिकडच्या विद्यापीठाचं नाव आहे, तुझ्या साहेबांचं आहे, तुझं नाही. तुमच्याकडचे उंदीर मागच्या पायांनी लुळे पडतात. काही उंदरांना म्हणे आधीच उंदरांच्याच शरीरातल्या पेशी लस म्हणून टोचल्या आणि ते लुळे पडले नाहीत. बाकीचे पडले, हे व्यवस्थित चालत राहिले. बातमीत रोगाचं वर्णन आहे ते वाचता वाचता माझा चहा गार झाला. शरीराची राखण करणाऱ्या पेशी उलटतात आणि मज्जातंतूंवरचं आवरण खातात. आपल्या घरात गेली कित्येक वर्षं दुसरं काय चाललंय?

तू उंदरांवर काहीतरी करतेस एवढंच मला ठाऊक होतं. आईच्याच दुखण्याचं करतेस हे मला पेपरातून कळावं?

आई ठीक आहे. भिंत धरून चालते. म्हणजे खोलीतून बाथरूमपर्यंत चालते. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवलंय, त्यावर बसून फोडणी देते. डाव्या हातातून वस्तू पडतात, म्हणून काचेचे ग्लास मी माळ्यावर टाकले. उजव्या डोळ्याला धुरकट दिसतं, पण डावा चांगला आहे, त्या एका डोळ्याने ती लायब्ररीची सगळी पुस्तकं संपवते आणि मी आणलेली पुस्तकं वाईट आहेत असं सांगते.

सोसायटीच्या ड्रॉमध्ये आपल्याला चौथा मजला निघाला तेव्हा ती किती खूश झाली होती, आठवतं? बाल्कनीतून थेट यमुनेपर्यंत शेतं दिसायची. आता शेतांच्या जागी आपल्यासारख्याच सोसायट्या झाल्यात आणि आपल्याला लोकांच्या गच्चीवरच्या टाक्या दिसतात. लिफ्ट बसली, पेढे वाटले, आणि महिन्याभरात बंद पडली. सेक्रेटरी खन्ना भेटले की मी काही बोलायच्या आत तेच म्हणतात, "भाईसाहब, अगले महीने पक्का." तुझी आई गेल्या होळीपासून खाली उतरलेली नाही.

ब्याण्णव साली तू चांगली मोठी रजा काढून आलीस आणि चौथ्या दिवशी तिकीट बदलून परदेशी निघून गेलीस. त्याचं कारण मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. त्यानंतर तुझी नुसती दिवाळीची कार्डं येतात, खाली सही असलेली. तो तुझा आणि तुझ्या आईचा प्रश्न आहे असं मी धरून चालतो.

मला विचारायचं आहे ते एवढंच. माणसांसाठी ही लस कधी? आणि कुणाला तरी पहिल्यांदा द्यावी लागणारच असेल, तर ते कुणीतरी पटपडगंजमध्ये का असू नये?

हे पत्र आईला ठाऊक नाही. मदर डेअरीच्या बूथसमोरच्या बाकावर बसून लिहितोय. दूध नासायच्या आत आवरतं घेतो.

बाबा

---

२ नोव्हेंबर १९९५

चि. कादंबरीस आशीर्वाद.

विषय: उंदरांची लस (पुढे चालू).
संदर्भ: तुझं आलेलं पत्र! तीन ओळींचं का होईना.

"बाबा, हे फक्त उंदरांसाठी आहे. आईला याचा उपयोग नाही. लेख पाठवते आहे, वाचा." वाचला. डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टिपणांतून अर्थ काढले, त्यामुळे तुझ्या लेखाला मी घाबरलो नाही. मला कळलं ते असं, चुकलं असेल तर सांग.

शरीरात पोलीस आहेत. त्यातले काही फितूर होतात आणि आपलंच घर फोडतात. तुम्ही त्या फितुरांपैकी काहींना पकडता, बाहेर वाढवता, किरण मारून त्यांची ताकद काढून घेता, आणि मग असे हातपाय बांधलेले फितूर निरोगी उंदराला टोचता. आतले चांगले पोलीस त्यांचे चेहरे ओळखून ठेवतात. पुढे खरे फितूर उठले की त्यांना लगेच धरतात. हे ज्या माणसाला पहिल्यांदा सुचलं त्याला मी नमस्कार करतो. आमच्या दक्षता विभागाला तीस वर्षांत सुचलं नाही.

आता तुझा आक्षेप. लस आधी द्यायची असते, आई तर आजारी आहेच. बरोबर. पण बाळा, कुत्रा चावल्यावर लस देतातच ना? चावायच्या आधी कुणी देत नाही! ही पळवाट मी पंधरा दिवस डोकं खाजवून शोधली आहे, हिचं उत्तर दे.

आणखी एक. तुझ्या लेखात लिहिलंय की ज्या उंदरांना लस नव्हती ते लुळे पडले, आणि त्यातले बरेचसे काही दिवसांनी आपोआप बरे झाले. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझी आईसुद्धा पहिल्या दोन वेळा आपोआप बरी झाली होती. गोल मार्केटच्या क्वार्टरमध्ये असताना महिनाभर पाय ओढत होती, आणि एक दिवस उठून पहाडगंजला तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला बसने गेली. आपल्याला वाटलं, गेलं. उंदीर बरा होतो तो बराच राहतो, आणि माणूस का राहत नाही? याचं उत्तर लेखात नाही.

सप्टेंबरात इथल्या सगळ्या गणपतींनी दूध प्यायलं, तिकडे टीव्हीवर दाखवलं असेल. सगळी सोसायटी वाट्या घेऊन मंदिराकडे धावत होती. मी बाल्कनीतून यथेच्छ टिंगल केली. मग तुझी आई झोपली तेव्हा देवघरातल्या आपल्या पितळी गणपतीसमोर मी चमचा धरला. चमचा रिकामा झाला. माझा हात हलत होता, सांडलं असणार. पण मी धरला, हे तुला सांगितलं पाहिजे असं वाटलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

तू कनिष्ठ आहेस, निर्णय तुझ्या हातात नाही, हे मी समजू शकतो. फाइल अडली की वर पाठवायची असते. म्हणून मी तुझ्या साहेबांना रीतसर अर्ज केला आहे. आईचे सगळे रिपोर्ट तीन प्रतींत, एमआरआयच्या फिल्मचे फोटो, डॉक्टरांचं पत्र, आणि 'माझी पत्नी प्रयोगासाठी स्वखुशीने तयार आहे' असं हमीपत्र. सही तिची नाही, माझी आहे. ती हल्ली वाकडी सही करते, बँकेतही मीच निस्तरतो. अर्जात मी तुझा बाप आहे हे लिहिलेलं नाही. पण आडनाव बघून त्यांना कळेल, आणि कळलं तर काही बिघडत नाही.

आई ठीक आहे. स्टूल आता ओट्यापाशी नसतं. स्वयंपाक मी करतो. आमटीत काहीतरी कमी आहे असं ती रोज सांगते, काय कमी आहे ते सांगत नाही.

बाबा

---

२० जानेवारी १९९६

चि. कादंबरीस आशीर्वाद.

विषय: तुझ्या साहेबांचं उत्तर.

माणूस सज्जन दिसतो. आमच्याकडे असा अर्ज आला असता तर 'पाहिला' असं लिहून फाइलला लावला असता. त्यांनी दोन पानं हाताने लिहिलीत. पण अर्थ एकच, नाही.

ते लिहितात, तुमचे उंदीर एकमेकांची सख्खी भावंडं असल्यासारखे आहेत, एकाच्या पेशी दुसऱ्याला चालतात. आणि त्यांना आजार तुम्हीच देता. म्हणजे घर फोडणारे फितूर कोण हे तुम्हाला आधीपासून माहीत असतं, कारण तुम्हीच त्यांना घरात सोडलेलं असतं. माझ्या बायकोच्या शरीरात फितूर कोण, किती, ते पहिल्या दिवसापासून तेच आहेत की दरवर्षी बदलतात, हे जगात कुणालाच ठाऊक नाही. काही ठिकाणी थोड्या रुग्णांवर करून बघताहेत, पण त्यातून ठाम बोलावं असं अजून काही हाती नाही. कुत्र्याच्या मुद्द्यावर ते म्हणतात की प्रश्न उत्तम आहे. उत्तम प्रश्न म्हणजे उत्तर नाही, हे मी चांगलं ओळखतो. संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं तयार करताना आम्ही हेच करायचो.

पत्र वाचून मी बराच वेळ गॅसपाशी उभा राहिलो. भात करपला. कादू, मला फार राग आला आणि तो कुणावर काढायचा हे कळेना. एवढी मोठी विद्या, एवढी मोठी इमारत, त्यात माझी स्वतःची मुलगी, आणि तुम्ही फक्त तोच आजार बरा करू शकता जो तुम्ही स्वतः दिलाय?

संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा झालं. मी नको म्हणत होतो. अरुणा पटवर्धन आणि मयूर विहारच्या सात-आठ बायका धापा टाकत चौथ्या मजल्यावर आल्या. आईने हट्टाने दिवाणावर बसून प्रत्येकीला स्वतः कुंकू लावलं. हल्ली उजवा हातही नेमका जात नाही, त्याला डाव्याचा आधार देऊन लावत होती. अरुणाच्या भुवईवर लागलं. एकीच्या नाकाच्या शेंड्यावर. सगळ्या हसल्या, आईही हसली, तिळगूळ खाल्ला, कुणाच्या नवऱ्याने कोणती नवी गाडी बुक केली ते झालं. मी बाल्कनीतून त्यांना रिक्षात बसताना बघत होतो. एकीनेही कुंकू पुसलं नव्हतं. अरुणा भुवई लाल ठेवून रिक्षावाल्याशी भांडत होती. मी आत आलो तर आई म्हणाली, "काय हो, डोळ्यांत काय गेलं?" मी म्हटलं, दिल्लीची धूळ.

खन्नांनी आता खिशातला फोन घेतलाय. त्याला रेंज मिळत नाही म्हणून ते जिन्यात चढ-उतार करत ओरडत असतात. लिफ्ट पुढच्या महिन्यात पक्की आहे.

तुझं पत्र नाही. साहेबांना परस्पर लिहिलं म्हणून रागावली असशील तर रागाव, पण पत्रातून रागाव. माझा शेवटचा प्रस्ताव असा की आईला नाही तर मला घ्या. नवऱ्याच्या पेशी काही कामाच्या असतील तर माझ्या काढा. रक्तदाब सोडला तर माझी तब्येत उत्तम आहे.

बाबा

---

१० मार्च १९९६

चि. कादंबरी,

आज विषय लिहीत नाही.

चार दिवसांपूर्वी सकाळी फोनची घंटा वाजली तेव्हा मी अर्धी दाढी केली होती. साबण रिसिव्हरला लागला. तू बोललीस त्यातलं मला जे आठवतं ते लिहून काढतो. रागात ऐकलेलं माणूस सोयीने विसरतो आणि मला ते विसरायचं नाही.

तू म्हणालीस, "बाबा, सगळ्या लॅबने तुमचा अर्ज वाचला. आईच्या मेंदूचे फोटो माझ्या टेबलावर ठेवले होते, यार, माझ्या टेबलावर!" बापाला यार म्हणालीस. दिल्लीत वाढलेली आहेस, मी मनावर घेतलं नाही.

मी म्हटलं, मग मी कुणाला विचारू? तुझे पैसे पडताहेत, असंही मी म्हणणार होतो. बरं झालं म्हणालो नाही.

मग तू सांगितलंस की तू रोज सकाळी पिंजऱ्यातून एकेक उंदीर काढतेस आणि शेपटी उचलून बघतेस. आजार आधी शेपटीत येतो. शेपटी लोंबली की तू वहीत एक आकडा लिहितेस, मागचे पाय गेले की मोठा आकडा. "बाबा, ब्याण्णवमध्ये आई मला दाखवायला स्वयंपाकघरातून दारापर्यंत एकटी चालत आली. 'बघ, मी बरी आहे' म्हणाली आणि पडली. मी तिला उचललं आणि माझ्या डोक्यात आकडा आला. आपल्या आईला बघून मला आकडा सुचला. आणि तुम्ही दोघं माझ्याकडे असं बघत होतात, जसं काही मी सूटकेसमधून औषध काढणार आहे. मी कशी येऊ? प्रत्येक पत्रात तुम्ही तेच मागता. माझ्याकडे नाहीये, बाबा. बिल्कुल नाहीये."

मग तू रडलीस, आणि फोन कुणी ठेवला ते मला आठवत नाही. बहुधा मीच.

मागे वळलो तर आई दिवाणावर जागी होती. डोळे मिटलेले. म्हणाली, "कुणाचा अर्ज? कशाचा?"

आजवर तिच्यापासून लपवलं होतं ते सगळं तिला सांगावं लागलं. बातमी, कुत्रा, हमीपत्र, साहेब. गणपतीचा चमचासुद्धा सांगितला. दुपारी जेवताना म्हणाली, "माझ्या आजाराचा अर्ज, आणि त्यावर सही तुमची?" तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. आमटीला नावं ठेवणंही बंद केलंय, आणि मला ते सहन होत नाही.

बाबा

---

१६ मार्च १९९६

लाडके कादू,

(हे पत्र तुझी आई सांगते आहे आणि मी लिहितो आहे. कंसातलं माझं आहे. ती म्हणते कंस घालायचे नाहीत. मी घालणार.)

मी तुझ्याकडे औषध कधी मागितलं? एकदा तरी? हे परस्पर मागत बसले. यांना वाटतं जगात सगळं अर्ज केल्यावर मिळतं. (सगळं नाही. फ्लॅट मिळाला.) हो, चौथ्या मजल्यावर.

तू गेलीस त्या दिवशी मला वाटलं, माझी किळस आली असेल पोरीला. अंथरूण, वास, हे सगळं. तेच धरून बसले होते. (हे मला आत्ता, लिहिताना कळतंय.) तुम्ही लिहा नुसतं.

मी तेव्हा तुझ्याकडे बघत होते ते औषधासाठी नाही गं. तुझे केस फार छान कापले होते, ते बघत होते. मानेवर असे आखूड. मला विचारायचं होतं कुणाकडे कापलेस, पण पडले आणि राहून गेलं. मग विचारायची लाज वाटली, पडलेल्या बाईने केसांचं काय विचारायचं?

आता मला तुझ्या उंदरांचं सांग. त्यांना खायला कोण घालतं? त्यांना नावं आहेत का? (त्यांना नंबर असतात, लेखात आहे.) नंबर नको, नावं ठेव. आणि ज्यांना लस लागली, जे चालत राहिले, त्यांचं पुढे काय करता? सोडून देता का? (मी लिहू नको म्हणत होतो. लेखात तेही आहे. शेवटी सगळ्यांचा पाठीचा कणा कापून तपासतात. मी तिला सांगितलं.)

हं. यांनी सांगितलं. म्हटलं, असो. पण तुला हे रोज करावं लागतं. तू लहानपणी झुरळ मारायला सुद्धा बाबांना हाक मारायचीस. संध्याकाळी घरी जाऊन जेवतेस ना नीट? कुणी आहे का गं तिथे, जेवलीस का विचारणारं? असेल तर कुठल्याही जातीचा, कुठल्याही देशाचा चालेल. (या बाबतीत माझं मत विचारलेलं नाही.)

फितूर पोलिसांची गोष्ट यांनी मला चांगली समजावली. मला त्यांचा राग येत नाही. त्यांनाही वाटत असेल आपण घर राखतोय.

हात दुखला म्हणतात. (म्हटलं नाही. ती थकली आहे.) बरं, मी थकले.

तुझी आई
(सही तिने स्वतः केली आहे. वाकडी आहे, पण तिची आहे.)

---

१२ मे १९९६

चि. कादंबरीस अनेक आशीर्वाद.

विषय: अर्ज मागे घेण्याबाबत.
संदर्भ: माझी आजवरची सर्व पत्रं.

वरील विषयाबाबत कळवण्यात येते की माझा कोणताही अर्ज, प्रस्ताव किंवा कुत्र्यासंबंधीचा मुद्दा आता शिल्लक नाही. तुझ्या साहेबांनाही तसं पत्र टाकलं आहे आणि त्यांची माफी मागितली आहे. उंदरांची लस उंदरांना लखलाभ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. केस कापणाऱ्या बाईचं नाव तिला फार आवडलं, दोनदा म्हणायला लावलं. 'यायचा विचार करते आहे, पण' एवढं लिहून तू पुढे खोडलं आहेस. उजेडासमोर धरूनही मला ते वाचता आलं नाही. म्हणून जे घडलं ते सांगतो, मग तुला काय ठरवायचं ते ठरव.

मतदानाच्या दिवशी आई सकाळीच म्हणाली, मला मत द्यायचं आहे. तुला ठाऊक आहे, इंदिराबाईंच्या वेळी तापातसुद्धा रांगेत उभी होती. केंद्र मागच्याच शाळेत होतं. मी खन्नांना बोलावलं. जेवणाच्या टेबलाची हातांची खुर्ची घेतली, आईला माझ्या जुन्या मफलरीने कमरेला बांधलं, तिने इरकली नेसली होती, आणि निघालो. मी खाली, खन्ना वर. खुर्ची जिन्यातून नेताना खालच्या माणसावर सगळं वजन येतं, हे मला तेव्हा कळलं. तिसरा मजला गाठला. दुसरा गाठला. तिथे माझ्या छातीत कळ आली म्हणून खुर्ची टेकवली. (काही नाही, डॉक्टरांना दाखवलं. पण उचलाउचली बंद.) खन्ना म्हणाले, "भाईसाहब, मेरी तो कमर गई," आणि पायरीवर बसले.

मग आम्ही तिथेच बसून राहिलो. वर नेता येईना, खाली नेता येईना. खन्नांचा खिशातला फोन जिन्यात लागेना. उन्हं चढली, लाइट गेली. उष्म्याने आईचे डोळे विझतात. हल्ली डावाही विझतो. गारव्यात आणलं की परत दिसायला लागतं, पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं कमी. डॉक्टर म्हणतात, किती काळ परत येईल ते सांगता येत नाही. वर कूलर बंद, खाली ऊन, आणि मध्ये मी पेपरने वारा घालत उभा. एवढा निरुपयोगी मी आयुष्यात कधी नव्हतो.

आणि तुझी आई? ती मजेत होती. मत देऊन बोटाला शाई लावून लोक वर येत होते आणि थांबून तिला नमस्ते करत होते. वर्षभर जिचं नुसतं नाव ऐकलं होतं ती बाई त्यांना दुसऱ्या मजल्यावर खुर्चीत नटून बसलेली दिसली. एकीने सरबत आणलं. ज्या बाळाच्या बारशाला जाता आलं नव्हतं, ते कुणीतरी तिच्या मांडीवर ठेवलं. ती त्याला चेहऱ्याच्या अगदी जवळ घेऊन बघत होती. दिसत किती होतं कोण जाणे. शेवटी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने आणि वॉचमनने तिला वर आणलं. खालीच न्या, असं मी म्हणेपर्यंत मतदान संपलं होतं.

आत आल्यावर म्हणाली, "एक मत वाया गेलं." मी म्हटलं, सरकार काही तुझ्या मतावाचून अडणार नाही. आता बघ, कुणालाच बहुमत नाही आणि निवडणूक लवकर पुन्हा लागेल असं सगळे म्हणतात. तिने लगेच विचारलं, "तोवर कादू येईल का हो?"

मला एवढंच कळतं की आज तिला सकाळच्या गारव्यात माणसाचे केस दिसतात, आखूड की लांब ते कळतं. पुढच्या वर्षी दिसतील असं मी हमीपत्रावर लिहून देऊ शकत नाही, आणि तू आलीस म्हणून ते थांबणार नाही हेही आता मला नीट समजलं आहे. तुझ्याकडे कुणीही तसं बघणार नाही. डोक्यात आकडा आला तर येऊ दे. मलाही येतात, नोकरीची तीस वर्षं मी आकड्यांतच काढली.

लोकांकडे जाताना मोकळ्या हाताने जाऊ नये असं आईने तुला लहानपणी शिकवलं होतं. ते या खेपेपुरतं विसर. औषध नको, लेख नको, त्या परदेशी चॉकलेटांची पिशवीही नको. आपल्याला आईला एकदा खाली न्यायचं आहे, आणि त्याला दोन्ही हात मोकळे लागतात. इस्त्रीवाल्याशी बोलून ठेवलंय, जड म्हणून खालची बाजू तो धरील. मी पुढे पुढे दारं उघडत जाईन.

खुर्चीची वरची बाजू तू धर. खाली उतरताना आईचं तोंड त्या बाजूला असतं.

बाबा